बर्फावरचे बिंदू जुळत नाहीत? यंत्र बदलण्याआधी तारीख आणि शून्य तपासा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. रॉस समुद्राच्या बाजूला, साधारण ७८° दक्षिण, १७०° पूर्व या भागात तुमच्या तुकडीने आइस शेल्फवर, म्हणजे जमिनीवरून उतरून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर, बारा खुंट रोवून जीएनएसएसने, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान काढणाऱ्या यंत्रणेने, मोजले. पुढच्या उन्हाळ्यात तेच खुंट मोजले तर सगळे सुमारे ३४० मीटर सरकलेले. उंची उणे २० मीटर येते, पण समुद्र तर डोळ्यांसमोर खाली दिसतो. जुन्या नकाशावर बिंदू टाकले की काही थेट पाण्यात पडतात. त्यावर तुम्ही विचारता की महागडा आरटीके संच (स्थिर बेसच्या रेडिओ-दुरुस्तीने जागीच सेंटिमीटरपर्यंत स्थान देणारा) घ्यावा का, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) कुठले वापरावे, आणि जहाज कड्याला लावण्यासाठी खोली मोजायची आहे ती कशी मोजावी.

यंत्र घेण्याची घाई करू नका. तुम्ही लिहिलेल्यात यंत्राची चूक कुठेच दिसत नाही. चूक नोंदीत आहे. आपल्या सवयीच्या मोजणीत जमीन जागची हलत नाही, म्हणून अक्षांश, रेखांश, उंची एवढे लिहिले की बिंदू पुरा झाला असे आपण धरून चालतो. इथे बिंदूसोबत आणखी तीन गोष्टी लागतात: कोणत्या दिवशी, कोणत्या शून्यापासून, आणि कोणत्या पृष्ठाची उंची. तुमची तिन्ही कोडी या तीन रिकाम्या रकान्यांतून आली आहेत.

बरेच काही जागेवर अवलंबून आहे, तेही सांगून टाकतो. उघड्या खडकावर काम असेल तर पुढचे निम्मे तुम्हाला लागू नाही. तिथे पक्का बोल्ट ठोका आणि नेहमीसारखी मोजणी करा. जमिनीवर टेकलेल्या हिमचादरीवर भरती-ओहोटीचा भाग गळतो, सरकणे मात्र राहते. दक्षिण ध्रुवावरचा बर्फही वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो, म्हणून तिथली ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्या जागी रोवावी लागते. तरंगत्या शेल्फवर मात्र सगळ्याच भानगडी एकत्र येतात, आणि तुम्ही नेमके तिथेच आहात.

३४० मीटर हा दोष की वेग?

हे घरबसल्या तपासता येते. बारा खुंटांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतले अंतर दोन्ही वर्षांच्या निर्देशांकांवरून काढा. सगळे खुंट एकाच दिशेने जवळजवळ सारखेच गेले असतील आणि आपसातली अंतरे किलोमीटरमागे काही सेंटिमीटर ते फार तर एखादा मीटर बदलली असतील, तर यंत्र चोख आहे आणि बर्फ वाहतो आहे. तो उरलेला बदल म्हणजे बर्फाचा ताण, हिमशास्त्रज्ञांना तोच हवा असतो. तो पुसू नका. यंत्राचा दोष असता तर अंतरे वेडीवाकडी बदलली असती.

मग वेग काढा, पण 'वर्षाला ३४०' असे ढोबळ नको. भागाकार नेमक्या दिवसांनी करा. दोन मोजण्यांत ३६५ दिवस असतील तर रोजचा वेग ०.९३ मीटर. पहिली मोजणी डिसेंबरच्या सुरुवातीला आणि दुसरी पुढच्या उन्हाळ्यातल्या जानेवारीच्या उत्तरार्धात झाली असेल तर दिवस ४१५ होतात आणि वेग ०.८२ वर येतो. एवढ्या फरकाने पुढची सगळी गणिते चुकतात. उपग्रह प्रतिमांवरून काढलेले वेगाचे नकाशे मोफत मिळतात, त्यांच्याशी ताडून पाहा. फार फरक आला तर आधी स्वतःच्या तारखा तपासा.

आता एक सापळा, यात भलेभले अडकतात. प्रक्रिया करताना 'स्टॅटिक' हा पर्याय निवडला की सॉफ्टवेअर अँटेना स्थिर धरते. तुमचा अँटेना तर चोवीस तासांत जवळजवळ एक मीटर चालतो. त्या सत्राचे उत्तर म्हणजे दिवसभराच्या वाटेचा कुठलासा सरासरी ठिपका, आणि त्यासोबत छापून येणारी अचूकता फसवी. फाइल तासातासाचे तुकडे करून सोडवा, तासात सरकणे जेमतेम ४ सेंटिमीटर असते. किंवा सरळ 'कायनेमॅटिक', म्हणजे अँटेना हलता धरणाऱ्या, पद्धतीने सोडवून वाटेला रेषा बसवा. ठरलेल्या वेळेचे, समजा दुपारी १२ यूटीसीचे, स्थान त्या रेषेवरून घ्या.

कामासाठी एक संदर्भ दिनांक ठरवा, उदाहरणार्थ १ जानेवारी, आणि प्रत्येक बिंदू वेग गुणिले दिवस या हिशोबाने त्या दिवसावर आणा. दहा दिवस चाललेल्या मोजणीत पहिल्या आणि शेवटच्या ओळीत नऊ मीटरची पायरी पडते. हे केले नाही तर ती नकाशात तशीच राहते आणि कुणीतरी तिला भेग समजतो.

जुन्या नकाशावर बिंदू समुद्रात पडतात याची कारणे दोन असू शकतात. एक, कडा तेव्हा मागे होता आणि तेव्हापासून पुढे सरकला. उलटेही होते: मार्च २००० मध्ये रॉस शेल्फपासून बी-१५ हा सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, आणि त्याआधीच्या नकाशातला कड्याचा तो भाग एका झटक्यात खोटा ठरला. दोन, नकाशाचा डेटम, म्हणजे निर्देशांक ज्या संदर्भापासून मोजले ती चौकट. मॅकमर्डो या अमेरिकी तळाच्या परिसराचे जुने काम 'कॅम्प एरिया ॲस्ट्रो' या ताऱ्यांवरून बांधलेल्या स्थानिक डेटमवर आहे. ते जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ डेटमवरचे समजून वापरले तर बिंदू शे-दोनशे मीटर सरकतो. कोपऱ्यातली बारीक टीप वाचा आणि नकाशातल्या एखाद्या खडकाच्या टोकाशी जुळवून खात्री करा. कड्याशी जुळवू नका.

प्रक्षेपण आणि नकाशातली उत्तर दिशा

अंटार्क्टिकाचा बहुतेक विज्ञान-डेटा ईपीएसजी ३०३१ मध्ये येतो (ईपीएसजी म्हणजे प्रक्षेपणांच्या यादीतला क्रमांक): ध्रुवीय स्टिरिओग्राफिक, ७१° दक्षिणेवर प्रमाण खरे. आर्क्टिकसाठी साधारणपणे ईपीएसजी ३४१३ चालते, त्यात खरे प्रमाण ७०° उत्तरेवर आणि मधली रेषा ४५° पश्चिम. देवाणघेवाणीला आणि मोठ्या चित्राला ही दोन्ही उत्तम आहेत. पण ३०३१ वर तुमच्या अक्षांशाला प्रमाणगुणक साधारण ०.९८३५ आहे, म्हणजे जमिनीवरचा किलोमीटर नकाशात ९८३.५ मीटर भरतो. ध्रुवावर हा गुणक ०.९७३ च्या आसपास येतो आणि क्षेत्रफळात पाच टक्क्यांहून जास्त तूट पडते. धावपट्टीची लांबी किंवा बर्फाचे क्षेत्रफळ या ग्रिडवरून थेट मोजू नका. तळाभोवतीच्या कामाला यूटीएम (सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांचे प्रक्षेपण) विभाग ५९ दक्षिण घ्या, यूटीएम ८०° दक्षिणेपर्यंत चालते. त्याच्या पलीकडे यूपीएस, म्हणजे ध्रुवांसाठीचे त्याचे जोडप्रक्षेपण.

याहून घातक गोंधळ दिशेचा. ३०३१ मध्ये 'वर' म्हणजे उत्तर नाही. तिथे साधा नियम असा: ग्रिडवरची दिशा = खरी दिशा + पूर्व रेखांश. तुमच्याकडे रेखांश १७०° आहे. बर्फ खऱ्या उत्तरेच्या १०° पूर्वेकडे वाहत असेल तर ग्रिडवर ती दिशा १८०° होते, म्हणजे नकाशात सरळ खाली. वेगाच्या फाइलींमध्ये व्हीएक्स आणि व्हीवाय असे दोन स्तंभ असतात, ते ग्रिडच्या अक्षांवर मोजलेले असतात. तुमच्या जागी व्हीएक्स जवळजवळ शून्य आणि व्हीवाय उणे ३४० च्या घरात दिसेल. त्यांना पूर्व आणि उत्तर समजून वाचले तर बर्फ समुद्र सोडून ध्रुवाकडे निघालेला दिसतो. 'डेटा चुकीचा आहे' अशी तक्रार करण्याआधी रेखांश मिळवून पाहा.

उंची उणे कशी?

जीएनएसएस जी उंची देतो ती एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासूनची. समुद्राची सपाटी त्या अंडाकृतीवर बसलेली नसते, ती जिओइडला, म्हणजे गुरुत्वाने ठरणाऱ्या सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठाला, धरून असते. रॉस समुद्राच्या भागात जिओइड एलिप्सॉइडच्या सुमारे ५५ मीटर खाली आहे. तेव्हा हिशोब असा: उणे २० वजा (उणे ५५) = ३५ मीटर. तुमचा खुंट समुद्रसपाटीच्या ३५ मीटर वर आहे, तुमच्या डोळ्यांना दिसते तेच बरोबर.

खरी अडचण पुढे येते, दोन डेटासेट एकावर एक ठेवताना. रेमा या अंटार्क्टिकाच्या उंची-मॉडेलमधल्या उंच्या एलिप्सॉइडपासून आहेत. आइससॅट-२ या लेसर उपग्रहाचेही तसेच. बेडमशीन या बर्फाची जाडी आणि तळ दाखवणाऱ्या मॉडेलमध्ये मात्र त्या जिओइडपासून आहेत. दोन्ही सरळ वजा केले की ५५ मीटरचा 'बदल' निघतो आणि शेल्फ कोसळल्यासारखा दिसतो. जिओइडचीही मॉडेले वेगवेगळी असतात, तेव्हा कोणते वापरले त्याचे नाव नोंदीत हवेच. आणखी एक: रेमाचा जोडलेला मोझेइक दिसायला सुरेख असतो, पण त्यात वेगवेगळ्या तारखांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. बदल मोजायचा असेल तर सुट्या, तारीखवार पट्ट्याच घ्या.

'कोणते पृष्ठ' हा तिसरा रकाना इथे उपयोगी पडतो. लेसर बर्फाच्या वरच्या थरावरून परततो. रडारच्या लहरी कोरड्या बर्फात शिरतात, एक्स पट्ट्याच्या रडारने केलेले मॉडेल खऱ्या पृष्ठापेक्षा काही मीटर खाली भरू शकते. लेसरची उंची आणि रडारची उंची वजा करून 'बर्फ वाढला' म्हणणे ही नेहमीची चूक आहे.

उंचीवरून बर्फाची जाडी काढणार असाल तर फार जपून. तरंगता बर्फ साधारण एक नवमांश पाण्यावर असतो. बर्फाची घनता ९१७ आणि समुद्राच्या पाण्याची १०२८ किलो प्रति घनमीटर धरली तर गुणक ९.२६ येतो, म्हणून उंचीतली एक मीटरची चूक जाडीत नऊ मीटर होते. तुमच्या ३५ मीटरवरून जाडी निघते ३२४ मीटर. पण वरचा भाग भुसभुशीत, हवा धरलेला असतो. ती हवा समजा १२ मीटर जाडीइतकी असेल तर हिशोब (३५ − १२) × ९.२६ + १२ असा होतो आणि उत्तर २२५ वर येते. शंभर मीटरचा फरक एका गृहीतकापायी! म्हणून एखादी ओळ तरी बर्फ-रडारने मोजा. घट्ट बर्फात लहरींचा वेग १ मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर असतो. प्रतिध्वनी ४ मायक्रोसेकंदांनी आला तर जाण्यायेण्याचे निम्मे करून ३३६ मीटर, आणि भुसभुशीत थरात लहरी जास्त वेगाने जातात म्हणून त्यात थोडी भर घाला.

भरती-ओहोटीही विसरू नका. शेल्फ पाण्यासोबत वरखाली होतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, ती भर वेगळी. दहा मिनिटांच्या मोजणीवरून दोन वर्षांची उंची ताडणे म्हणजे भरतीची तुलना ओहोटीशी करणे. चोवीस तास तरी नोंद ठेवा आणि ती कायनेमॅटिक सोडवा, लाट स्पष्ट दिसते.

मग आरटीके घ्यावा का?

माझ्या मते तुमच्या कामाला नाही. आरटीकेचा बेस बर्फावर ठेवला आणि त्याला महिन्यापूर्वीचे निर्देशांक भरले तर रोव्हर, म्हणजे हिंडता रिसीव्हर, सेंटिमीटरची अचूकता दाखवत राहतो आणि सगळा नकाशा २८ मीटर चुकीच्या जागी बसतो. बेस खडकावर हवा, पण खडक रेडिओच्या टप्प्यात असेलच असे नाही. त्यापेक्षा दोन-तीन चांगले बहुवारंवारिता रिसीव्हर घ्या, कच्चा डेटा नोंदवा आणि पीपीपीने, म्हणजे उपग्रहांच्या नेमक्या कक्षा वापरून एकट्या रिसीव्हरचे स्थान काढणाऱ्या पद्धतीने, सोडवा. पीपीपीला जवळच्या बेसची गरज नसते. घाईत रात्रीच उत्तर काढलेत तरी अंतिम कक्षा साधारण दोन आठवड्यांनी येतात, तेव्हा पुन्हा सोडवा आणि तेच उत्तर जपा. कोणत्या आयटीआरएफ (आंतरराष्ट्रीय पार्थिव संदर्भ) चौकटीत उत्तर आले तेही लिहा.

इथल्या आकाशाची एक मर्यादा आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५° कललेल्या आहेत, त्यामुळे ध्रुवाजवळ उपग्रह डोक्यावर येतच नाहीत. खुद्द ध्रुवावर ते ४५° च्या आसपासच थांबतात. आडवे स्थान छान मिळते, उंची मात्र ढिली पडते. रशियाच्या ग्लोनासच्या कक्षांचा कल ६४.८° आहे, म्हणून तो चालू ठेवा. ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री आयनमंडल खवळलेले असते, सिग्नल तुटक येतो. त्या तासांचा डेटा बिनदिक्कत गाळा.

खुंटांकडे मात्र यंत्रापेक्षा जास्त लक्ष द्या. बांबू किंवा फिक्या रंगाची नळी वापरा. गडद धातू ऊन शोषतो, भोवतीचा बर्फ वितळतो आणि खुंट कलंडतो. तीन-चार मीटरचा खुंट निदान दोन मीटर खोल जाऊ द्या. दर भेटीत बर्फाच्या पृष्ठापासून खुंटाच्या टोकापर्यंतची उंची टेपने मोजा, कारण नवा बर्फ पडतो आणि खालचा थर दबून खुंट बुडतो. खुंटाच्या टोकाची उंची बदलली म्हणून पृष्ठाची बदलली असे होत नाही. ट्रायपॉडच्या पायांखाली प्लायवूडचे तुकडे घाला. अँटेनाची उंची तिरपी मोजली की सरळ, हे लिहा. सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात.

टोटल स्टेशन (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) वापरणार असाल तर बर्फालगतच्या थंड हवेत दृष्टिरेषा वाकते. नेहमीचा ०.१३ हा वक्रीभवन गुणांक इथे चालत नाही. तो १ वर गेला तर एका किलोमीटरला उंचीत सुमारे ७ सेंटिमीटरची चूक येते. अंतरे छोटी ठेवा आणि दोन्ही टोकांवरून एकाच वेळी वाचन घ्या.

लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी झाली की गोठते. दोन्ही उष्णतारोधक पेटीत ठेवा.

ड्रोन उडवायचा असेल तर आधी परवानगी आणि पक्ष्यांपासून अंतर हे पाहा. मग दोन अडचणी उरतात. दक्षिण चुंबकीय ध्रुव ॲडेली लँडच्या किनाऱ्याजवळ आहे. तुमच्याकडे चुंबकीय क्षेत्र जवळजवळ उभे असते, आडवा घटक क्षीण, त्यामुळे ड्रोनचा होकायंत्र सेन्सर कुरकुर करतो. दुसरी, पांढऱ्यावर पांढरे: सॉफ्टवेअरला जुळवायला खुणाच मिळत नाहीत. सूर्य खाली असताना, वाऱ्याने कोरलेल्या चरांच्या सावल्या लांब पडतात तेव्हा उडवा. एक्स्पोजर असे ठेवा की बर्फ जळून कोरा पांढरा होणार नाही. फोटोंचे एकमेकांवरचे आच्छादन पुढे-मागे ८० आणि बाजूने ७० टक्के ठेवा. जमिनीवरच्या काळ्या खुणांचे निर्देशांक उड्डाणाच्या तासातले हवेत, मागच्या आठवड्यातले नकोत.

जहाजासाठी खोली

इथे चूक झाली तर शोधनिबंध नाही, जहाज अडकते. म्हणून सगळ्यात आधी चार्टवरचा, म्हणजे समुद्री नकाशावरचा, विश्वासार्हतेचा दर्जा (झेडओसी) पाहा. झेडओसी बी म्हणजे स्थानात ±५० मीटर, सी म्हणजे ±५०० मीटर, डी त्याहून वाईट, यू म्हणजे मूल्यांकनच नाही. ध्रुवीय पाण्यात डी आणि यू भरपूर भेटतात. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या पोलर कोडनुसार, म्हणजे ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, प्रवासाच्या आखणीत चार्टच्या या मर्यादा विचारात घ्याव्या लागतात, त्यामुळे कॅप्टन तुम्हाला हे विचारणारच.

सोनार वापरताना पहिली चूक ध्वनीच्या वेगाची. यंत्रात बहुधा १५०० मीटर प्रति सेकंद भरलेले असते. गोठणबिंदूजवळच्या, उणे १.८ अंशाच्या पाण्यात वेग पृष्ठाजवळ १४४० च्या आसपास असतो. यंत्र ५०० मीटर सांगते तेव्हा प्रत्यक्षात ४८० असतात, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. दिवसातून निदान दोनदा, आणि वितळपाण्याच्या थराजवळ त्याहून जास्त वेळा, ध्वनिवेगाचा उभा छेद घ्या. मल्टीबीमचे, म्हणजे पंख्यासारखे अनेक किरण सोडणाऱ्या सोनारचे, कडेचे किरण त्या थरात वाकतात आणि सपाट तळ वाटीसारखा किंवा उपड्या वाटीसारखा दिसतो. पडद्यावर तळ असा 'हसताना' किंवा 'रुसताना' दिसला की ध्वनिवेग तपासा.

मोजलेली खोली एका ठरलेल्या शून्यावर आणायला भरती-ओहोटीची नोंद लागते, आणि किनाऱ्यावर मापक लावला तर बर्फ तो खरवडून नेतो. पण तुमच्याकडे मापक आधीच आहे! जमिनीवर टेकल्याच्या रेषेपासून काही किलोमीटर दूर, मोकळ्या तरंगणाऱ्या भागातला कोणताही खुंट पाण्यासोबत वरखाली होतो. त्यावर एक रिसीव्हर महिनाभर चालू ठेवा. सुमारे तीस दिवसांच्या नोंदीतून भरतीचे मुख्य घटक वेगळे काढता येतात. उंची एलिप्सॉइडवरच राहू द्या आणि सोनारची खोलीही त्याच एलिप्सॉइडवर आणा, म्हणजे दोन्ही एकाच शून्यावर बसतात.

कडा तुटून मागे गेल्यावर मोकळे झालेले पाणी चार्टवर बर्फ म्हणून रंगवलेले असते. तिथे मोजमाप कधी झालेलेच नसते. अशा पट्ट्यात आधी छोटी होडी पुढे पाठवून ओळी मारा, जहाज मागाहून त्याच वाटेने. कॅप्टनला समोच्च रेषांचा गुळगुळीत नकाशा देऊ नका. प्रत्यक्ष मोजलेल्या ओळी, तारखांसह द्या, मधली जागा कोरी ठेवा. ती जागा गेब्को या जागतिक समुद्रतळ-नकाशाच्या ग्रिडने भरायचा मोह होईल. त्याआधी त्या ग्रिडसोबत येणारी स्रोत-प्रकाराची फाइल उघडा: कोणता चौकोन सोनारने मोजलेला आणि कोणता नुसता अंदाजाने भरलेला, हे ती चौकोनागणिक सांगते. तुमच्या कड्यालगतचे किती चौकोन मोजलेले निघतात ते पाहून होडीच्या ओळी आखा.